ससाण्याने चुकवलेला नेम

"मी आता जे सांगणार आहे त्यावर या बेटावरचा एकही माणूस विश्वास ठेवणार नाही," मी म्हटलं, "पण आमच्या पूर्णिमाचा नेम चुकला तो एका ससाण्यामुळे."

हमीदभाईंनी चहाचा कप खाली ठेवला. मूळचे रत्नागिरीचे, बाब अल बहरीनच्या मागच्या गल्लीत त्यांचं कापडाचं दुकान. शुक्रवारी जेवण आटोपलं की आमच्याकडे चहाला येतात आणि माझ्या गोष्टी ऐकतात. त्यांचं म्हणणं असं, की शिवदासभाऊंनी, म्हणजे मी, पोस्टात नोकरी केली ती पत्रं वाटायला नाही, थापा गोळा करायला.

त्या दिवशी गोष्टीची वेळ त्यांच्यामुळेच आली. त्यांनी माझ्या सुनेला सहज विचारलं, मस्कतच्या स्पर्धेला कधी निघतेस बेटा. पूर्णिमा मटार सोलत बसली होती. म्हणाली, नाही जाणार काका, संघात माझं नाव नाही. आणि पुढची शेंग उचलली. नंतर खोलीत नुसता एसीचा आवाज. अशी शांतता मला सोसत नाही. माझं तोंड आपोआप उघडतं.

पूर्णिमा आठवडाभर बँकेत असते आणि सुट्टीला सखीरच्या पुढे वाळवंटातल्या रेंजवर रायफल चालवते. पालथं पडून तीनशे मीटरवरचं निशाण मारायचं. रायफल आणि बंदुकीची दारू क्लबच्या कुलपात. घरी आणायची परवानगी फक्त रिकाम्या पितळी पुंगळ्यांची. त्या पुंगळ्यांपायी आमचं जेवणाचं टेबल कायमचं गेलं. मुलगा जयेश सित्र्याच्या कारखान्यातून शिफ्ट करून येतो आणि ताट मांडीवर घेऊन जेवतो.

हमीदभाईंना मी समजावलं, की विकतचं काडतूस म्हणजे बाजारातला तयार शर्ट. सगळ्यांना होतो, कुणालाच नीट बसत नाही. पूर्णिमाचं काडतूस म्हणजे मापाने शिवलेला. झाडलेली पुंगळी ती टाकत नाही. बुडाची काजळी खरवडते, तोंड सगळ्यांचं सारख्या उंचीला कापते, तोंडाखालची मान तापवून मऊ करते. तापवलेल्या मानेवर निळसर डाग पडतो, मोरपिसासारखा. मग एकेक पुंगळी सोनाराकडे असतो तसल्या काट्यावर तोलायची आणि सारख्या वजनाच्या एका डब्यात ठेवायच्या. बाहेरून सगळ्या सारख्या, पण एक जड असली तर तिचं पितळ जाड, म्हणजे आतली जागा कमी. जागा बदलली की गोळीचा वेग बदलतो, आणि तीनशे मीटरवर एक गोळी वर लागते, दुसरी खाली. महिनाभर खपून तिने असे चार डबे भरले. मस्कतचा संघ ज्या मॅचवरून निवडायचा, त्या मॅचसाठी.

"आणि बँकेत जाताना मला बजावून गेली, बाबा, यांना कुणी हात लावणार नाही एवढं बघा," मी म्हटलं. "मी राखणीला बसलो. डबे बाल्कनीत, मी खुर्चीत. जरा डोळा लागला. तेवढ्यात ससाणा."

"आठव्या मजल्यावर?" हमीदभाई म्हणाले.

"ससाण्याला लिफ्ट लागत नाही."

हमीदभाई हसले. ते हसले की मला हुरूप येतो. मग मी ससाणा पुरता उभा केला. पायात चामड्याची वादी, डोळ्यांवरची टोपी एका बाजूला सरकलेली. कुणा बड्या घरचा असणार. इथल्या ससाण्यांना पासपोर्ट असतो, माझ्या व्हिसापेक्षा त्याचे कागद पक्के. आधी एसीच्या पेटीवर बसून त्याने माझ्याकडे पाहिलं, साहेब कारकुनाकडे बघतो तसं. मग पंखाच्या एका फटक्यात चारही डबे उलथे केले. एक पुंगळी चोचीत धरून तिच्यात अशी शीळ घातली, की खाली पार्किंगमध्ये त्याचा मालक गाडीतून उतरून वर बघायला लागला.

हमीदभाई डोळे पुसत होते. पूर्णिमाच्या भांड्यात मटार पडत होते. मी तिच्याकडे पाठ होईल असा सरकून बसलो होतो.

"मग मी पुंगळ्या वेचल्या," मी म्हटलं. "हाताला लागेल ती, दिसेल त्या डब्यात. आणि गप्प बसलो."

हमीदभाईंचं हसू थांबलं. पोरीला सांगितलं नाहीत, असं त्यांनी हळूच विचारलं. मी मान हलवली. यापुढचं मला सांगायचं नव्हतं, पण गोष्ट एकदा निघाली की ती मध्येच कुठे उतरवून ठेवता येत नाही.

क्लबवर काडतुसं भरायला ती बसली तेव्हा मीही होतो. एक पुंगळी उजेडात धरून तिने मला विचारलं, बाबा, मानेवरचा निळा डाग कुठे गेला. मी म्हटलं, धूळ बसली होती, फडक्याने पुसल्या. बरं, म्हणाली. माझ्या शब्दावर तिने मॅचपुरती काडतुसं भरली. दारू मोजताना तिचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता, आणि मी शेजारी बसून खजूर खात होतो.

मॅचच्या दिवशी वारा मफी, नावालासुद्धा नाही. झेंडे खांबाला चिकटलेले. वाऱ्यावर दोष ढकलायचीसुद्धा सोय नव्हती. पहिली गोळी मधोमध लागली. दुसरी वर. तिसरी खाली. तिने रायफलचा पट्टा तपासला, कोपर पुन्हा टेकवलं, मग बराच वेळ नुसती पडून राहिली. पुढची आणखी वर. तिचा कोच बहरीनी, एरवी सतत बोलणारा. तो दुर्बिणीवरून डोळा काढेना. मला वाटत होतं तिने मागे वळून बघावं. मग वाटलं, नको बघायला.

संपल्यावर कोचने न भरता उरलेल्या पुंगळ्या काट्यावर टाकल्या. एकाच डब्यातल्या, आणि दोन सारख्या निघेनात. सगळ्यांसमोर त्याने विचारलं, हे कुणी केलं. पूर्णिमा म्हणाली, माझ्याकडून मिसळल्या. मी पाण्याची बाटली धरून तिथेच उभा होतो. बाटलीचं झाकण उघडत होतो, लावत होतो. ज्याला आपल्या पुंगळ्या सांभाळता येत नाहीत त्याला संघात कसं घ्यायचं, असं कोच म्हणाला, आणि त्याचं काही चुकलं नव्हतं. घरी आल्यावर तिने पहिली गरम भाकरी माझ्या ताटात वाढली. ती तशीच ठेवून मी हात धुतले. तेव्हापासून ती समोर आली की मी चष्मा पुसायला घेतो.

मला वाटलं, एवढ्यावर हमीदभाई हळहळतील, ससाण्याला दोन शिव्या देतील आणि चहा मागतील. पण ते उठले. क्लबचा सेक्रेटरी त्यांच्याच दुकानातून कापड नेतो म्हणे. नावं अजून मस्कतला गेलेली नसणार.

"यल्ला, शिवदासभाऊ, उठा," ते म्हणाले. "आत्ताच जाऊ. पोरीची चूक नव्हती, पाखराने केलं, हे तुम्ही तुमच्या तोंडाने सांगा. बाकी मी बघतो."

मी म्हटलं, जाऊ की, इंशाल्ला, उद्या. उन्हं फार आहेत. ते म्हणाले, गाडीत एसी आहे. मी म्हटलं, ससाण्याचा मालक मोठा माणूस, उगाच त्याचं नाव निघेल. ते म्हणाले, नाव कुठे ठाऊक आहे आपल्याला? मी म्हटलं, शिवाय पुरावा काय, तर ते दाराशी चपला घालत म्हणाले, बाल्कनीत नखांचे ओरखडे असतील, फोटो काढून घेऊ. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, की आहेत ना, कठड्यावर चांगले तीन ओरखडे आहेत.

मटार पडायचा आवाज थांबला.

"हमीदकाका, बसा," पूर्णिमा म्हणाली. "ससाणा आलाच नव्हता. बाबांना ते निळे डाग करपल्याचे वाटले. त्यांनी चारही डबे परातीत ओतले आणि देवाची भांडी घासतात तशा सगळ्या पुंगळ्या चिंच लावून घासल्या. एकीच्या तळाशी चिंचेची शीर अडकली होती, ती मला मॅच झाल्यावर सापडली."