शिवेवरची खुडूक कोंबडी

अठ्ठ्याहत्तर साली माझ्या बायकोच्या, सत्यवतीच्या, सगळ्या गावठी कोंबड्या देऊन मी साकोलीहून दहा पांढऱ्या लेगहॉर्न आणल्या. गावठी वर्षाला साठ अंडी देणार, ही दोनशे! सत्यवतीला ती गावठी जात तिच्या आईने लग्नात दिली होती. आई गेली, तिच्या हातचं तेवढंच उरलं होतं. पण मी पडलो दीडशहाणा. शेवटची सात अंडी तिने तांदळाच्या मडक्यात जपून ठेवली आणि म्हणाली, "यायले उबवा कोनती तरी कोंबडी. मायची जात बुडाले नाई पाह्यजे."

लेगहॉर्न अंडी देते, खुडूक होऊन त्यांच्यावर बसत नाही. हे मला आठवड्याने कळलं. शेजाऱ्यांकडे खुडूक कोंबडी मागायची लाज वाटली, म्हणून सानगडीच्या बाजाराला निघालो.

वाटेवरच्या गावात मानमोडीच्या रोगाने कोंबड्या पटापट मेल्या होत्या. आमच्याकडे अशा वेळी रोगाची पाठवणी करतात. वाचलेली एक कोंबडी शेंदूर लावून शिवेबाहेर सोडतात. तिला उचलेल त्याच्या घरी रोग जातो, म्हणतात. पळसाखाली तशीच एक काळी बसली होती, अंग फुगवून. खुडूक! माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पायातला लाल दोरा तोडला, वाटेतल्या बोडीच्या पाण्यात शेंदूर धुतला आणि घरी सांगितलं, बाजारातून आणली.

सत्यवतीने तिला टोपलीत अंड्यांवर बसवलं. बऱ्याच दिवसांनी ती हसली.

सहाव्या दिवशी एक लेगहॉर्न मान वाकडी करून गोल फिरू लागली. आठवड्यात दहाही गेल्या. मग शेजारच्या कौशल्याबाईंच्या, मग साऱ्या गावाच्या. पहाटे कोंबडा आरवेनासा झाला. काळी मात्र डोळे मिटून टोपलीत बसलेली. मला तिची भीती वाटू लागली.

विसाव्या दिवशी गावातले वडीलधारे सुखरामजी चौघांना घेऊन दारात आले. "भोजराज, पाठवनी करा लागते. गावात हे एकच कोंबडी वाचली."

अंड्यांतून चिवचिव ऐकू येत होती. सत्यवती आडवी आली. "एक दिस थांबा ना जी, उद्या पिल्लं निंगतीन. अना हे तं बजारातली होय. पाठवाले गावचीच लागते ना?"

सुखरामजींनी कोंबडी उचलली, मानेवरची पिसं बोटाने बाजूला केली. मुळाशी शेंदूर होता.

"भोजराज, हिले तं आंधीच कोनं तरी पाठवली होती."

सत्यवतीने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"तूच आनली, तूच नेऊन सोड," सुखरामजी म्हणाले.

पौषाची थंडी होती. पलीकडच्या शिवेवर कोंबडी ठेवली. परतताना मागे पाहिलं, तर एक सायकलवाला उतरून तिच्यापाशी वाकला होता. मी हाक मारली नाही.

घरी सत्यवती सातही अंडी पदरात, पोटाशी धरून चुलीपाशी बसली होती. चिवचिव थांबली होती.

"माही माय आज मेली," ती म्हणाली.