सगळ्यांचं कॅलेंडर

धाकटीचं डोकं फिरलं होतं. फिरणार नाही तर काय! ऑफिसात नुकतीच टेकली होती, तेवढ्यात डायलिसिस सेंटरमधून फोन: "तुमचे पेशंट आले नाहीत, मशीन दुसऱ्याला दिलं." बाबांना न्यायची आज दादाची पाळी. बाबा राहतात दादाकडेच. माणूस घरात, गाडी दारात, आणि पेशंट पोचला नाही! ती तशीच रिक्षा करून निघाली.

दादाला लिनक्सचं वेड. त्यानं घरातल्या सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर विंडोज काढून ते चढवलं, आणि खोटं कशाला बोला, धाकटीला ते आवडलंही होतं. पण मग बाबांच्या फेऱ्यांसाठी सगळ्यांचं मिळून एक कॅलेंडर हवं म्हणून यानं शोध सुरू केला आणि तो काही संपेना. एकात नोंद दिसायची, पण दुसऱ्याला बदलता येत नसे. एकात बदलता येई, तर गजर वाजायचा नाही. दर वेळी "आता हेच फायनल", दर वेळी नवा पासवर्ड. भिंतीवर साधं कॅलेंडर टांग म्हटलं, की हा हसायचा. हसतोय मेला!

बाबा हॉलमध्ये बसले होते. पायात बूट, मांडीवर फाइल, चेहरा सुजलेला, बोलताना दम लागत होता. आणि आतल्या खोलीत दार लावून, कानाला हेडफोन लावून चिरंजीव लॅपटॉपसमोर. धाकटीनं हेडफोन ओढूनच काढला.

"सेंटरनं आज दुपारऐवजी सकाळची वेळ दिली होती! मी बदलली होती कॅलेंडरात!"

"कुठल्या?" दादानं विचारलं.

"कुठल्या म्हणजे?"

"अगं, मी परवाच नव्यावर गेलो. तू जुन्यात बदललंस वाटतं. यात अजून दुपारचीच वेळ आहे, बघ."

"आणि मला कोण सांगणार होतं?"

"सांगणारच होतो. जरा टेस्टिंग चाललं होतं. पण हे खरंच भारी आहे, प्रत्येकाला वेगळा रंग..."

"आग लाव त्या रंगांना! तुझ्या टेस्टिंगला माझाच बाप सापडला का रे?"

बाबा भिंतीला धरून दारापर्यंत आले होते.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं ना सकाळी जायचंय ते?" धाकटी त्यांच्यावरही उखडली. "मग दार तरी वाजवायचं!"

"हाच म्हणाला होता, सारखी आठवण करू नका, वेळ झाली की कॅलेंडर सांगेल. म्हटलं, सांगेल." बाबा तिथल्या पलंगावर बसले. स्क्रीनकडे बघत म्हणाले, "यात सगळे आहात ना तुम्ही? मग मला का नाही घेतलं?"

धाकटीनं स्क्रीन बघितला. दादा होता, वहिनी होती, ती स्वतः होती, तिचा नवराही होता. बाबा नव्हते.

दादाचा चेहरा उतरला. "आत्ता घालतो, बाबा. एका मिनिटात." त्याची बोटं कीबोर्डकडे गेलीसुद्धा.

धाकटीनं लॅपटॉप खाडकन मिटला. "गाडी काढ."

"पण मशीन तर दुसऱ्याला दिलं ना?"

"कुणाचं तरी रिकामं होईल. होईपर्यंत दारात बसू. गाडी काढ म्हणतेय ना!"

दादा किल्ली घेऊन धावला. धाकटीनं हात पुढे केला. बाबांनी तो धरला, दोनदा जोर केला, पण त्यांना उठता येईना.