शेवंतीची शाळा

शेवंतीने पुढचा उजवा खूर ताडपत्रीवर ठेवला आणि ताडपत्री करकरताच तो परत उचलला. दिव्यानीने दोर ओढला नाही, सैलही सोडला नाही. घोडीच्या मानेला खांदा लावून ती नुसती उभी राहिली, जणू पलीकडे जायची दोघींनाही काही घाई नव्हती. खूर पुन्हा खाली आला. या वेळी तिथेच राहिला. मग डावा. घोडीने नाकातून मोठा श्वास सोडला, आणि नेमकं तेव्हाच कडुनिंबाच्या फांदीला बांधलेल्या झोळीतून रडण्याचा सूर निघाला.

दिव्यानीच्या हातातून दोर गळून पडला. ओढणी सावरत ती झोळीकडे धावली.

शेवंती होती तिथेच थांबली. मान गुडघ्यांपर्यंत खाली आणली, मागचा एक पाय सैल सोडला आणि ओठ लोंबते ठेवून डोळे अर्धे मिटले.

"झालं," खाटेवरून लटारूभाऊ म्हणाले. "शाळा सुटली."

"हसू नका बाबा. दोन पाय टाकले होते तिनं."

"मी कुठी हसून राह्यलो? तुह्या पिल्लाले सांग. मास्तरीण तिचीच नोकर हाय."

त्यांचा डावा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये होता आणि दोन उशांवर ठेवलेला होता. खाणीची नोकरी सांभाळून सगळा जन्म घोड्यांत गेला, पण घोड्याने त्यांना कधी पाडलं नव्हतं. पाडलं ते न्हाणीतल्या नव्या, गुळगुळीत फरशीने. राजुऱ्यात जो भेटायला येई तो घोड्यानं पाडलं का हेच विचारी, आणि लटारूभाऊ दर वेळी नव्या रागाने फरशीला शिव्या देत.

दिव्यानी आठ महिन्यांच्या लेकीला घेऊन आली ती त्यांचा पाय बसेपर्यंत राहायला. नवरा, प्रणित, कोरपन्याकडे सिमेंटच्या कारखान्यात. रविवारी येई, लेकीला खांद्यावर घेऊन अंगणात फिरे आणि घोडीपासून चार हात लांबून विचारी, "अजून किती दिवस?" ती म्हणे, "नथ्थूकाकाच्या घरचं लगन होऊ दे."

सगळं त्या लग्नावर येऊन थांबलं होतं. बल्लारपूरचा बग्गीवाला दोनदा येऊन शेवंतीचे दात, खूर, पाठ बघून गेला होता. पाय मोडलेला माणूस कोवळी घोडी काय घडवणार, असं त्याचं म्हणणं. ते तो गोड बोलून सांगायचा. शेवटी लटारूभाऊ वैतागून बोलून बसले, "नथ्थूच्या पोराच्या वरातीत नीट चालली तर माही. नाई चालली तर घेऊन जाय." बोलले आणि खाटेच्या दोरीशी चाळा करत बसले. दिव्यानी तेव्हा दारात उभी होती. तिला मागच्या हिवाळ्यातलं अंगण आठवलं. त्यांची म्हातारी घोडी मैना गेल्यानंतरचं. रिकामा खुंटा, आणि सकाळी उठून सवयीने त्या खुंट्याजवळ हिरवा चारा टाकणारे बाबा.

दुसऱ्याच दिवशी तिने माळ्यावरून लांब दोर काढला. त्याच्या एका टोकाला कापड गुंडाळून शिवलेलं होतं, धुळीने मातकट झालेलं. हाताला ते मऊ लागलं.

"जुना हाय," बाबा म्हणाले. "पण मजबूत हाय. ने."

तेव्हापासून बाळ झोपलं की शाळा भरायची. आधी नुसतं गोल फिरवणं. दिव्यानी मध्ये आणि शेवंती दोराच्या टोकाला, सोयाबीन निघून गेलेल्या मोकळ्या तुकड्यात. चाल, दुडकी, पुन्हा चाल. शब्दाला थांबणं. मग जमिनीवर आडवे टाकलेले बांबू, जुने टायर, पत्र्याचा तुकडा, पाण्याचा खड्डा. वरातीच्या घोडीला उड्या मारायच्या नसतात. तिला जनरेटरच्या वायरी, नालीवरच्या लोखंडी जाळ्या, अंथरलेल्या सतरंज्या शांतपणे ओलांडायच्या असतात. बाबा खाटेवरून सांगत आणि ती करी.

"तिच्या डोळ्यात पाहू नोको. जिथी जायचं तिथी पाह्य."

"पाह्यलं."

"मान वळवली तिनं? बस. आता दोर ढिल्ला दे. शाबासी हातानं नाई देत, सोडून देत असतो."

हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. घोडं ओढल्याने शिकत नाही, सोडल्याने शिकतं. ज्या घडीला तुम्ही दोर सोडता, त्या घडीला ते जे करत असतं, तेच त्याच्या अंगात बसतं.

एका दुपारी ती पहिल्यांदा पाठीवर बसली. खोगिराशिवाय, नुसत्या घोंगडीवर. शेवंतीच्या पाठीवरून लाट गेल्यासारखी कातडी थरथरली आणि थांबली.

"पोत्यासारखी बसू नोको, बाई. श्वास घे. तू श्वास घेशीन तं थे घेईन."

दिव्यानीने श्वास घेतला. शेवंतीच्या कानांच्या मधून समोर कापसाचं शेत दिसत होतं, त्याच्यापलीकडे कोळशाच्या ट्रकांचा रस्ता. सहा-सात वर्षांची असताना मैनाच्या पाठीवरून हेच दिसायचं. तेव्हा खाली आई उभी असायची, कमरेला पिवळ्या ठिपक्यांचा हिरवा पदर खोचून, एक हात हवेत, पोरगी पडलीच तर झेलायला. घोडीला शिकवताना आई कधी दिसल्याचं तिला आठवत नव्हतं. आई होती तोवर गवत कापायची, पाणी भरायची आणि बाबांचा फेटा इस्त्री करून ठेवायची. वरातीत फेटा बांधून मैनाला धरणारे बाबा, आणि लोक म्हणायचे, उस्ताद.

मैनाची गोष्टच तशी होती. बँड कितीही वाजो, फटाक्यांची लड पायाशी फुटो, ती मुंगीवर पाय पडू नये अशी चालायची. पण गर्दीत कुठे लेकरू रडलं की थांबायची. रडणं संपेपर्यंत मान खाली घालून उभी. लोक सांगत, तिचं पहिलं शिंगरू गेलं म्हणून तिला लेकरांची माया आहे. बाया आपली किरकिरी पोरं तिच्या नाकाजवळ धरायच्या. आई त्या बायांत उभी राहून ऐकायची आणि तोंडाला पदर लावायची. दिव्यानीला वाटे, शिंगराच्या आठवणीने आईला रडू येतं.

झोळी हलली. दिव्यानी घाईने उतरली.

"शाळा सुटली," बाबा म्हणाले.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात मुश्ताकभाई ताशा घेऊन आले. बँड त्यांचा, मैनाच्या पुढे त्यांनी आयुष्यभर वाजवलं होतं. त्यांनी हळू सुरुवात करून कडकडाट केला. शेवंतीने कान मागे घेतले, पुढे आणले, आणि दिव्यानीच्या बाहीला तोंड लावून उभी राहिली. ताशाने बाळ मात्र दचकून उठलं. दोर पडला, मान खाली गेली.

"हे काय बे?" मुश्ताकभाई हसले. "ताशाले भीत नाई अन् पोरीले भिते? भाऊ, वरातीत मले अंगाई वाजवा लागन का?"

लटारूभाऊ हसले नाहीत. ते घोडीच्या खाली गेलेल्या मानेकडे बघत होते. मग म्हणाले, "वाजव तू. जे येते थे वाजव."

वरात सकाळी अकराला निघाली. बाळाला शेजारच्या कलाबाईंकडे ठेवून दिव्यानीने बाबांचा फेटा आपल्या डोक्याला बांधला आणि तोच जुना दोर लगामाला बांधून हातात घेतला. नवरदेव धनराज शेवंतीवर बसला तेव्हा त्याचेच पाय कापत होते.

"ताई, पाडनार तं नाई ना थे?"

"तू नीट बस. तिले तुह्यापेक्षा कमी भेव लागून राह्यलं."

"पोरगी घोडी धरून राह्यली वो," गॅलरीतून कुणीतरी बोललं. "लटारूभाऊचा फेटा तं पाह्य!"

जनरेटरच्या वायरी आल्या, शेवंतीने त्या ओलांडल्या. नालीवरची जाळी आली. तिने ती हुंगली आणि पाय उचलून पार केली. चौकात फटाक्यांची लड फुटली. तिचा एक कान तेवढा फिरला. पानठेल्याजवळ बग्गीवाला हाताची घडी घालून उभा होता. दिव्यानीने त्याच्याकडे बघितलं नाही. मांडवाचं गेट दिसू लागलं होतं.

तेवढ्यात डाव्या अंगाला, कुणाच्या तरी कडेवर, एक लेकरू रडायला लागलं.

शेवंती थांबली. मान गुडघ्यांपर्यंत खाली गेली. मागचा पाय सैल पडला. धनराजने दोन्ही हातांनी आयाळ धरली. बँड दहा-बारा पावलं पुढे गेला आणि मागे कुणी येत नाही हे कळून विस्कळीत झाला.

"काय झालं?"

"बसून राह्यली का घोडी?"

"अरे, ढकला तिले मागून!"

एका क्षणात दिव्यानीला सगळं दिसलं. रोजची झोळी, रोज तिने टाकलेला दोर. घोडीने काही चुकवलं नव्हतं. जे शिकवलं तेच ती करत होती. पानठेल्याजवळ बग्गीवाल्याने हाताची घडी सोडली.

तिने मागून येणाऱ्या पोरांना हाताने अडवलं. "कोणी हात लावू नका." मग हातातला दोर जमिनीवर टाकला आणि वाट बघत उभी राहिली. लेकराच्या आईने त्याला छातीशी घेतलं, पाठीवर थोपटलं. रडणं हुंदक्यावर आलं, मग थांबलं. दिव्यानीने वाकून दोर उचलला.

"चाल माय."

शेवंतीने मान वर केली आणि चालायला लागली.

मुश्ताकभाईंचा हात ताशावर तसाच होता. "मैना," ते आधी हळू म्हणाले. मग ओरडले, "अरे, मैना हाय ही! पाह्यलं का बे? लटारूभाऊनं दुसरी मैना घडवली!"

म्हाताऱ्या माणसांनी माना डोलावल्या. दोन बाया पोरांना घेऊन पुढे आल्या. बँड पुन्हा सुरू झाला, आणि मांडवाच्या दारात दिव्यानी वळून बघते तो पानठेल्याजवळ कुणी नव्हतं.

दुपारी ती परतली तेव्हा कलाबाई बाळाला झोळीत निजवून गेल्या होत्या. लटारूभाऊ खाटेवर उठून बसलेले. तिने शेवंतीला खुंट्याशी नेलं, पाणी दाखवलं, आणि तिथूनच म्हणाली,

"थांबली होती."

"कुठी?"

"मांडवाजवळ. लेकरू रडलं."

त्यांनी शेवंतीकडे बघितलं. मग विचारलं, "मान कुठवर गेली?"

"गुडघ्यापर्यंत."

"अन् मागचा पाय?"

"सैल." ती वळली. "बाबा, तुम्हाले माहीत होतं. मी रोज दोर टाकत होती, अन् तुम्ही काऊन बोलले नाई? बग्गीवाला उभा होता तिथी."

लटारूभाऊंनी प्लास्टरवरची धूळ झटकली. तिथे धूळ नव्हती.

"एक डाव पुन्हा पाहा वाटलं," ते म्हणाले. "अन् पाहाले मीच नव्हतो."

दिव्यानी दोराची गुंडाळी करू लागली. करता करता तिचे हात मंदावले.

"मैनाले कोणं शिकवलं?"

"लोकं मले उस्ताद म्हणत."

"म्हणत. पण शिकवलं कोणं?"

"मैना आली तवा तू चार-पाच महिन्याची होती," ते म्हणाले. "माही खाणीत दिवसपाळी होती."

दोराचं टोक तिच्या तळव्यात आलं. सकाळच्या घामाने आणि घोडीच्या लाळेने कापडावरची माती निघाली होती, आणि खालचा हिरवा रंग दिसत होता. हिरव्यावर पिवळे बारीक ठिपके. तिने ते अंगठ्याने पुसले. मग तिने बाबांच्या हातांकडे बघितलं. मांडीवर पडलेले ते हात लाकडासारखे होते, भेगाळलेले. त्या हातांना कधी कशाची चिंधी लागली नसती.

झोळी हलली. बाळ रडायला लागलं.

खुंट्याशी शेवंतीने मान खाली घातली. दिव्यानी दोर धरून उभीच राहिली.

"जाय माय," लटारूभाऊ म्हणाले. "तुही आई अशीच म्हणे. शाळा सुटली."