चार दातांचा पाळणा

मी पाळणा. ऐकण्यात माझा जन्म गेला. अंगाई ऐकली, आयांची रडगाणी ऐकली, सासवा-सुनांचे टोमणे ऐकले, पण कधी तोंडातून ब्र काढला नाही. आता मात्र गप्प बसवत नाही, कारण जो तो माझ्याबद्दल बोलतोय आणि मला कुणी विचारत नाही.

नावा बांधणाऱ्या सुतारांच्या गल्लीत मला घडवलं. एका नावेच्या उरलेल्या फळ्यांचा मी, म्हणून अंगाने जरा आडदांड. मी कुणा एका घरचा नव्हतो. ज्या घरी बाळ व्हायचं त्या घरी माझी रवानगी. आधीच्या घरची आई "नीट वापरा हं," असं दहादा बजावायची. नव्या घरी गेलो की तिथला थोरला सुतार माझ्या अंगावरून अंगठा फिरवायचा. कुठे कुसळ लागलं की खिशातला पॉलिश पेपर काढून तिथेच घासायचा आणि मगच बाळाला आत ठेवू द्यायचा.

एक बाळ भलतंच द्वाड निघालं. दात आले तसं त्याने माझी वरची कड कुरतडायला घेतली. चार खोल खुणा उमटल्या. त्याच्या बापाने त्या मात्र घासल्या नाहीत. "राहू दे, पोराची पहिली कारागिरी आहे," म्हणाला. त्याच दिवसांत कुणीतरी फोटो काढला. त्यात आई, ते बाळ, मी आणि माझी कुरतडलेली कड.

पुढे बंदराचा धक्का वाढवायचा म्हणून दोन दिवसांत गल्ली रिकामी करायला लावली. माणसांनी भांडी नेली, हत्यारं नेली. मला दुसऱ्या खेपेला न्यायचं ठरलं. त्याआधीच एका साहेबाची नजर माझ्यावर पडली आणि मी त्याच्या गाडीत चढलो. नंतर त्याने मला संग्रहालयात दिलं. काचेची पेटी, वर दिवा, समोर पाटी: हात लावू नये. पाळण्याला हात लावायचा नाही म्हणे! तशी साठ वर्षं काढली. लोक यायचे, दोन क्षण बघायचे, पुढे जायचे.

मग एक दिवस ते द्वाड बाळ आलं. म्हणजे आता आजोबा, तोंडात कवळी, सोबत नात आणि हातात तो जुना फोटो. काचेला नाक लावून ते कितीतरी वेळ उभे राहिले आणि लहान पोरासारखे रडले. मलाही भरून आलं.

नातीने संग्रहालयाची जुनी नोंदवही मागितली. तिथल्या अधिकारी बाई सरळमार्गी, त्यांनी आणून दाखवली. माझ्या ओळीवरचा मूळ शब्द ब्लेडने खरवडला होता आणि त्यावर लिहिलं होतं: 'भेट'.

"भेट? कुणी दिली?" नात कडाडली. आजोबा नुसते बाकावर बसले.

नात कंप्युटरवर काम करणारी. तिने गल्लीच्या पांगलेल्या घरांना गोळा केलं आणि ब्लॉकचेनवर नवी नोंदवही सुरू केली. माझ्यासमोरच्या बाकावर बसून ती आजोबांना समजावत होती.

"ही वही एका कपाटात नाही, आजोबा. आपल्या सगळ्यांकडे आहे, संग्रहालयाकडेही आहे. एकाने खाडाखोड केली की बाकीच्या वह्या लगेच चोर पकडतात."

"आणि आपलंच चुकलं तर?"

"खाली नवं लिहायचं. वरचं तसंच राहणार."

"आमच्यात चुकलं की रंधा मारतात," आजोबा पुटपुटले.

बारीक कॅमेऱ्याने माझी कड टिपली. फोटोतले चार दात आणि माझ्यावरचे चार दात जुळले. तो ठसा वहीत कायमचा बसला. संग्रहालयानेही मान्य केलं की सोपवायच्या दिवशी पुन्हा ठसा घ्यायचा, तो जुळला की वही आपणहून मला गल्लीच्या नावावर करेल. कुठल्या साहेबाच्या लहरीवर काही राहणार नव्हतं.

तो दिवस आला. नातीला आठवा महिना होता, गल्लीची माणसं बाहेर टेम्पो घेऊन उभी होती. मला पेटीतून काढून टेबलावर ठेवलं. नात आणि अधिकारी बाई कागद बघण्यात गुंतल्या होत्या. आजोबांनी नातीच्या पोटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा अंगठा माझ्यावरून फिरू लागला. वरच्या कडेला त्यांना कुसळ लागलं. हात खिशात गेला.

आजोबा, थांबा! मी जीव तोडून ओरडलो असतो, पण लाकडाला गळा कुठला? खसाखसा घासलं त्यांनी, दातांच्या खुणांचे काठ गुळगुळीत झाले. त्या हाताला दुसरं काही ठाऊकच नव्हतं.

कॅमेरा लागला आणि पडद्यावर आलं: जुळत नाही.

"हा काय घोळ?" म्हणत नातीने माझ्याकडे पाहिलं, मग आजोबांच्या मुठीतल्या पॉलिश पेपरकडे.

"मला कळतंय हो, पाळणा तोच आहे," अधिकारी बाई म्हणाल्या. "पण आता वहीत नोंद झाली."

"मग पूस की ती!" आजोबा नातीवर ओरडले.

"पुसता येत नाही, आजोबा," ती म्हणाली. "येऊ नये म्हणून तर एवढं केलं."

टेम्पो रिकामा गेला. नातीने नोंदीखाली आजोबांचा जबाब चढवला: 'कड मीच घासली. बाळाला लागलं असतं.' त्यावर तज्ज्ञ बोलवायचे, सुनावणी घ्यायची असं चाललंय. तोवर मी तळघरातल्या कोठारात, अंगावर 'वादग्रस्त' अशी चिठ्ठी. आजोबा पुन्हा आले नाहीत. सुतारकाम सोडलं म्हणतात. मला त्यांचा राग नाही. इतक्या वर्षांत मला पाळणा समजून हात लावणारे तेच एकटे.

आज नात आली, खांद्यावर तीन महिन्यांचं बाळ. अधिकारी बाई म्हणाल्या, "मी जरा फाईल शोधते," आणि मुद्दाम पाठ करून उभ्या राहिल्या. नात वाकली. बाळाची टाच माझ्या कडेपासून चार बोटांवर आली. मग तिने त्याला चटकन वर उचललं.

"नको," ती स्वतःशीच म्हणाली. "एखादा ओरखडा उठला तर पुन्हा निस्तरायला नको."

अगं पोरी, उठू दे ओरखडा! माझी ओळख पटायची तेव्हा पटेल, नाही पटली तर नाही. वहीतला ठसा जपत बसलीस तर हे पोर उद्या रांगायला लागेल, आणि रांगणारं पोर माझ्याकडे कशाला येईल? बाईंनी अजून पाठ फिरवलेलीच आहे. ठेव त्याला आत.