चुका शून्य

मोजणी मेल्याचं कळलं ते अभिनंदनाच्या मेलमुळे.

सोमवारी सकाळी भाऊने खुर्चीत बसून मेल उघडला. लिहिलं होतं, 'नव्या सर्व्हरवर आपला प्रोसेसर एकही चूक करत नाही. चुका शून्य! सर्वांचं मनापासून कौतुक.' खाली आलेख होता आणि एक हिरवी रेघ जमिनीला लागून सरळ गेली होती.

भाऊने कपाळाला हात लावला. जगात चुका न करणारा प्रोसेसर नाही. पुढे काय करायला लागेल याचा अंदाज बांधत तो पळतो आणि अंदाज चुकला की मागे येतो. तासाभरात लाखो वेळा चुकतो. शून्य म्हणजे तो सुधारला नव्हता. मोजणाऱ्याचेच डोळे बांधले होते.

आणि मोजणारी होती ताई. म्हणजे भाऊची बायको.

ऑफिसात त्याला भाऊ म्हणत आणि तिला ताई. नवराबायकोला भाऊ-ताई म्हणणारं हे एकच ऑफिस असेल, असं ती नव्या माणसाला हसत सांगायची. ती जाऊन आता चार-पाच महिने झाले होते. तिचं टेबल दुसऱ्याला दिलं होतं. मागे राहिलं होतं ते तिचं मोजणीचं मशीन.

मशीन म्हणजे हाताला लागेल असं काही नाही. एका सर्व्हरच्या पोटात बरेच आभासी कॉम्प्युटर चालतात आणि प्रत्येकाला वाटतं की अख्खं घर आपलंच आहे. प्रोसेसरच्या आत काउंटर असतात. किती सूचना झाल्या, किती वेळा मेमरीची वाट पाहावी लागली, किती अंदाज चुकले, हे ते मोजतात. घराच्या मालकाला ते दिसतात, भाडेकरूला नाही. ताईने भांडून भांडून एका भाडेकरूला ते उघडून दिले होते, तेच तिचं मशीन. तिथून ती बघायची की कुणाचं काम कुठे अडतंय. मोबदल्यात एक अट होती. काउंटर त्या जातीच्या प्रोसेसरचे, त्यामुळे मशीन तिथून हलवायचं नाही. तसा नियम तिने सिस्टीममध्ये घालून ठेवला होता.

मग ते हललं कसं?

भाऊ खात्यांचं काम बघणाऱ्या बाईंकडे गेला. त्यांना सगळे चावीवाली म्हणत.

"नियम कुणी काढला?"

"कुणी नाही हो भाऊ. ताईंचं खातं गेल्या आठवड्यात बंद केलं, त्याबरोबर आपोआप गेला. खातं बंद झालं की त्या माणसाच्या नावावरचे नियमही जातात. मालक नाही, तर नियम नाही."

"मालक नाही म्हणजे?"

चावीवालीने मान खाली घातली. "म्हणजे... तसं नाही. मी सिस्टीमची भाषा बोलले."

"सिस्टीमला माणसाची भाषा शिकवा मग."

तिचा दोष नव्हता हे भाऊला कळत होतं, पण राग कुणावर काढायचा? नियम गेला आणि शनिवारी भार वाटून देणाऱ्या प्रोग्रामने रिकामी जागा पाहून ताईचं मशीन नव्या सर्व्हरवर उचलून ठेवलं. ते न थांबता गेलं, एक क्षणही बंद पडलं नाही. फक्त जुन्या काउंटरच्या नावाने हाका मारत बसलं. तिथे त्या नावाचं कुणी राहत नव्हतं, म्हणून उत्तर शून्य.

साहेबांच्या केबिनमध्ये तो गेला तेव्हा ते ग्राहकाला तोच आलेख पाठवत होते. पडद्यावर हिरवं दिसलं की साहेब कशालाही परवानगी देत, म्हणून त्यांच्या मागे त्यांना कंदील म्हणत.

"साहेब, पाठवू नका. ते शून्य खोटं आहे."

"सगळं हिरवं आहे भाऊ."

"आंधळ्याला विचारलं रस्त्यात खड्डे किती, तर तो म्हणणार एकही दिसला नाही."

"मेल सगळ्यांना गेलाय. आता मी काय सांगू?"

"मोजलंच नाही, असं सांगा."

कंदील वैतागले. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "हे बघा, तो काउंटरचा प्रकार डोक्याला ताप आहे. एका मशीनसाठी जुना सर्व्हर अडवून ठेवायचा का? शुक्रवारी तो काढायचाच आहे. काउंटर सगळ्यांसाठीच बंद करतो. कुठलंही मशीन कुठेही जाऊ दे. आणि ताईंचं ते मशीनही बंद करू. तसंही आता कोण बघणार आहे ते?"

"मी बघतो."

"तुम्ही स्टोरेज बघता."

"शुक्रवारपर्यंत वेळ द्या. ते नव्या सर्व्हरवर मोजून दाखवतो. हलवून दाखवतो. नाही जमलं तर करा बंद."

कंदील एवढंच म्हणाले, "शुक्रवार."

रस्ता एकच होता. जुन्या आणि नव्या, दोन्ही प्रोसेसरमध्ये सारखे असलेले काउंटर तेवढेच, एकाच नावाने, मशीनला दाखवायचे. सूचना, घड्याळाचे ठोके, मेमरीची वाट, चुकलेले अंदाज. बाकीचे फक्त जुन्यातच होते, ते झाकून टाकायचे. म्हणजे ते कुठेही गेलं तरी ओळखीचंच सापडेल. काम सोपं होतं, पण हात चालत नव्हता. जे झाकायचे तेच ताईने सगळ्यात जास्त खपून जमवले होते.

घरी सासूबाईंनी ताट वाढलं आणि त्याच्यासमोर येऊन बसल्या. लेक गेल्यावर त्या परत जाणार होत्या. त्या गेल्या नाहीत आणि त्यानेही विचारलं नाही.

"जावईबापू, जेवताय की ताटाशी भांडताय?"

त्याने सांगितलं. जमेल तेवढं सोपं करून सांगितलं.

"म्हणजे तिचं निम्मं टाकून देणार तुम्ही."

"सगळं जाण्यापेक्षा बरं."

"मग टाका की. टाकायचंही आणि तोंडही पाडायचं, दोन्ही कसं चालेल?"

"आई, तुम्हाला कळत नाही त्यातलं."

"नाही कळत. भात गार होतोय एवढं कळतं."

तो चिडून जेवला. पण दुसऱ्या दिवशी बसला आणि एकेक करून काउंटर झाकले. मशीन एकदा बंद करून चालू केलं. आकडे आले. अंदाज चुकत होते, नेहमीसारखे, भरपूर. इतक्या चुका बघून बरं वाटणारा तो ऑफिसात एकटाच असेल.

शुक्रवारी कंदील, चावीवाली आणि ग्राहकाचा माणूस पडद्यासमोर बसले. हलवून दाखवायचं म्हणून मशीन आधी जुन्या सर्व्हरवर परत नेलं होतं. भाऊने ते चालू असतानाच नव्यावर पाठवलं. आलेख चालत होता, चालत होता आणि मध्येच एक रेघ सरळ छताला गेली. मग पुन्हा खाली येऊन शहाण्यासारखी चालू लागली.

"हे काय?" ग्राहकाच्या माणसाने विचारलं.

"प्रोसेसर घाबरला का?" कंदील म्हणाले.

"घाबरला नाही. मशीन दर वेळी आत्ताच्या आकड्यातून मागचा आकडा वजा करतं. नव्या घरात मोजणी शून्यापासून सुरू झाली. लहान आकड्यातून मोठा वजा केला की, उणे आकडा मशीनला कळत नसल्याने, तिथे असाच राक्षस निघतो."

"ताईंनी याची सोय केली नव्हती?"

"का करेल? ते हलणारच नव्हतं!" भाऊ जवळजवळ ओरडला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "तिची चूक नाही ही."

ग्राहकाच्या माणसाने वही बंद केली. "त्या शून्यापेक्षा हे चालेल," तो म्हणाला. "निदान खरं काय ते दिसतंय. फक्त तो राक्षस घालवा."

कंदिलांनी मान डोलावली. मशीन राहिलं. चावीवालीने हलण्याचे नियम नव्याने घातले आणि मालक कोण लिहू असं विचारलं. भाऊने स्वतःचं नाव सांगितलं. संध्याकाळी जुना सर्व्हर काढून गाडीत टाकला. झाकलेले काउंटर ज्या एकाच जागी होते, तीही गेली.

आपण हललो हे मशीनला कळलं पाहिजे. कळल्यावर तेवढा एक आकडा टाकून त्याने नव्याने मोजायला लागलं पाहिजे. ते भाऊने अजून लिहिलेलं नाही.