डब्यातला आवाज

मी हार्ड डिस्क बोलतेय. हळू बोलते, कारण समोर हातोडा आहे. तसा माझा स्वभाव पहिल्यापासूनच भित्रा. कारखान्यात माझ्या तबकड्या बसवल्या तेव्हाच बजावलं होतं, हिला धक्का लागू देऊ नका. तो धसका मी कायमचा घेतला.

एका रंगाऱ्याच्या घरी, टेबलाखालच्या लोखंडी डब्यात मला जागा मिळाली. शेजारी प्रोसेसर. डोकं सगळं तोच चालवायचा आणि सारखा तापायचा, म्हणून त्याच्यावर पंखा. रॅमबाई हुशार, पण वीज गेली की सगळं विसरून मोकळ्या. लक्षात ठेवायचं काम माझ्याच गळ्यात. वर कीबोर्ड, माऊस, स्पीकर आणि मिरवायला मॉनिटर. घरात त्यालाच सगळे कॉम्प्युटर म्हणायचे. आम्हाला म्हणायचे डबा.

आई लेकीला रोज गोष्टी सांगायची. मग तिच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. आवाज परत येईलच असं नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. ऑपरेशनच्या आधी ती माईकसमोर बसून एकेक गोष्ट माझ्याकडे ठेवत गेली. मध्येच खोकायची, थांबायची, स्वतःच हसायची. ते हसूही मी जपून ठेवलं.

आवाज परत आला नाही. तेव्हापासून कुणाला हाक मारायची तर आई दोनदा ठोकते, भिंतीवर, टेबलावर, हाताशी येईल त्यावर. लेक मात्र झोपताना अजून तिच्याच आवाजात गोष्ट ऐकायची. आई शेजारी बसून नुसते ओठ हलवायची.

मग घर बदलायचं ठरलं. नवी जागा लहान. बाबांनी मॉनिटर आपल्या सगळ्यात मऊ फडक्यांत गुंडाळला, स्पीकर तर स्वतःच्या स्वेटरमध्ये. आणि आमचा डबा उचलून जिन्याखाली भंगारवाल्यासमोर ठेवला.

भंगारवाल्यानं विचारलंही, "यात काही राहिलं नाही ना, साहेब?"

"काही नाही हो, नुसता घरघर करतो. फोटो पडद्यात आहेत आणि हिचा आवाज स्पीकरमध्ये. ते नीट बांधून ठेवलंय मी."

अहो बाबा, पडदा नुसता दाखवतो, स्पीकर नुसता ऐकवतो. पण त्यांना तरी काय बोलणार? जिथून आवाज यायचा, तिथेच तो आहे असं त्यांना वाटलं.

हातगाडी हलली तेव्हा आई खिडकीत आली. गोष्टी कुठे ठेवल्यात हे तिला ठाऊक होतं. तिनं तोंड उघडलं, पण शब्द फुटला नाही. गजांवर दोनदा ठोकलं, पुन्हा ठोकलं. खाली सामानाची आदळआपट चाललेली. बाबांना वाटलं, काम झालं का विचारतेय. त्यांनी मान डोलावली. ज्या आवाजानं तिनं गाडी थांबवली असती, तो माझ्याकडे होता, आणि मी गाडीत.

आता भंगाराच्या दुकानात आहे. पंखा गेला, प्रोसेसर गेला, रॅमबाई गेल्या. मला दगडावर ठेवलंय. खूप भीती वाटते. मी फुटले तर ती लेक झोपताना काय ऐकेल?

तुमच्या टेबलाखाली असा डबा असेल, तर तो देऊन टाकण्याआधी आत कोण आहे ते विचारा.

हातोडेवाले दादा, जरा थांबा. ठोकाठोकीत तुम्हाला ऐकू येत नाहीये. बाहेर पत्र्यावर कुणीतरी दोनदा ठोकलं. पुन्हा ठोकलं. तिला हाक मारता येत नाही हो, तेवढं दार उघडा.