पक्ष्यांच्या पोटातली पुट्टी

नवरा-बायको म्हटलं की लोकांना पक्षीच का आठवतात, देव जाणे. लग्नाच्या अल्बमला पत्र्याचं कव्हर करून घ्यायला जो येतो तो म्हणतो, "ताई, एका फांदीवर दोन पक्षी काढा." मी विचारते, मासे काढू का? दोन छत्र्या काढू? तर माझ्या तोंडाकडे बघत बसतात. मग काय, काढते पक्षी. आता तर डोळे मिटून काढीन.

आमच्या जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग जेवणाचा आणि अर्धा माझ्या कामाचा, अशी वाटणी छकूचे बाबा असतानाच झाली होती. ते गेले तशी कामानं हळूहळू जेवणाची बाजूही गिळली. छकू म्हणजे माझी लेक. आणि काम म्हणाल तर तसं साधंच. कात्रीनं कापता येईल इतका पातळ पत्रा घ्यायचा, खाली मऊ रबर ठेवायचं आणि बोथट टोकाच्या सळईनं पाठीमागून दाबत जायचं. मागून दाबलं की पुढून उठतं. मग पत्रा सुलटा करून कडा रेखायच्या, परत उलटा करून अजून दाबायचं. उठाव मनासारखा झाला की वरून काळा रंग फासायचा आणि लगेच पुसून घ्यायचा. खोलगट जागी काळं राहतं, उंच भाग चमकतो. आरशाच्या चौकटी, डब्यांची झाकणं, शुभेच्छापत्रांवर लावायची पानं-फुलं, सगळं असंच होतं.

फक्त एक विसरायचं नाही. उठलेला भाग मागून पोकळ असतो. कुणी जोरात अंगठा टेकवला की बसलाच खाली. म्हणून मागच्या खळग्यात वितळलेलं मेण भरायचं आणि मगच पत्रा पुठ्ठ्यावर चिकटवायचा. सगळ्या गिऱ्हाइकांना मी मेणच भरून देते. छकूच्या लग्नाच्या अल्बमला मात्र मी मेण वापरलं नव्हतं. एकुलती एक लेक, तिचे पक्षी उन्हानं मऊ पडतील, उद्या कुणाच्या हाताखाली दबतील, हे मला खपणारं नव्हतं. नळ गळायला लागला की प्लंबर दोन रंगांचे गोळे एकत्र मळून लावतो ना, ती पुट्टी मी आणली आणि दोन्ही पक्ष्यांच्या पोटात ठासून भरली. वाळली की दगड होते. शिवाय पत्र्याच्या कडा पुठ्ठ्यावरून मागे वळवून थेट अल्बमच्या शिवणीत घेतल्या. छकूचे बाबा म्हणाले होते, "अगं, अल्बम करतेयस की तिजोरी?" मी म्हटलं, गप्प बसा, तुम्हाला यातलं काही कळत नाही.

तोच अल्बम घेऊन छकू गेल्या आठवड्यात घरी आली. एक बॅग, एक लॅपटॉप आणि हा अल्बम.

"मी परत जाणार नाहीये," ती दारातच म्हणाली.

"आधी चपला तरी काढ," मी म्हटलं.

रात्री जेवताना विचारलं, झालं काय? मारतो का? नाही म्हणाली. पितो? नाही. दुसरी कुणी आहे? तेही नाही.

"मग?"

"बोलत नाही, आई. मनाविरुद्ध काही झालं की बोलणं बंद करतो. आधी दोन-चार दिवस असायचं. आता महिने जातात. मी घरात नाहीच, असं वागतो."

"अगं, तुझे बाबा तरी पेपर हातात असला की कुठे बोलायचे?"

छकूनं ताट उचललं आणि आत गेली. मला वाटलं, निवळेल. जावई माझ्या डोळ्यांसमोर होता ना! दर रविवारी न चुकता फोन करणारा, माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून थेंबांची आठवण करून देणारा. माझ्या स्वतःच्या भावाला माझा कोणता डोळा दुखतो ते ठाऊक नाही.

खालच्या काकूंना मी सांगून टाकलं की लेक चार दिवस माहेरपणाला आलीय. काकू म्हणजे तळमजल्यावरच्या. त्यांच्या नजरेतून आमच्या जिन्यावरची मुंगीसुद्धा सुटत नाही. "बरं बरं," म्हणाल्या, आणि एवढंच म्हणाल्या, म्हणून मला जास्त धास्ती वाटली.

दुसऱ्या दिवशी छकूनं अल्बम माझ्या टेबलावर आणून ठेवला. "आई, याचं कव्हर काढून देशील?"

"का?"

"आत बाबांचे फोटो आहेत. ते बघायचे असतात मला. आणि दरवेळी आधी या पक्ष्यांवर हात पडतो."

बाबांचे फोटो म्हणजे काय सांगू! छकूच्या लग्नानंतर सहा महिन्यांत ते गेले, त्यामुळे त्यांचे शेवटचे फोटो तेच. एकाही फोटोत तोंड बंद नाही. कुठे हसताहेत, कुठे खाताहेत, एकात तर खुर्चीत चक्क घोरताहेत आणि मागे पाहुणे उभे. मला हवे तेव्हा मी ते बघते, रडते आणि परत कामाला लागते. छकूला ते बघू नको असं मी कशाला म्हणेन? पण कव्हर काढायचं म्हणजे काय, ते मला कळत होतं. कव्हर मी काढून दिलं की मीच मान्य केलं, मोडलं म्हणून.

"फोटो काढून दुसऱ्या अल्बमात लाव की."

"तूच खळीनं चिकटवलेत ते. ओढले तर फाटतात. एक फाडून बघितला मी."

"मग वरून कापड चढव."

तेही तिनं करून बघितलं. छान फुलांचं कापड होतं. पण खाली पुट्टी भरलेले दोन धष्टपुष्ट पक्षी. चादरीखाली कुणी झोपलंय असं दिसायला लागलं. मला हसू आवरेना. ती नाही हसली.

"एकच पक्षी काढून चालेल?" मी गमतीनं विचारलं.

"दोन्ही काढ. मलाही पक्षी व्हायचं नाहीये."

मी म्हटलं, हातातलं काम झालं की बघते. दुकानदाराच्या आरशाच्या चौकटी द्यायच्या होत्या, ते खरंच होतं. पण चौकटी झाल्या तरी मी अल्बमला हात लावेना. आणि लावला तेव्हा जे केलं ते आमच्या धंद्यातलं माणूसच करू जाणे. ती बाहेर गेली होती. मी अल्बम समोर घेतला. बघते तर पत्रा निस्तेज पडलेला, रंग उडालेला. माझ्या हातचं काम असं बघवतं होय! मऊ फडक्यानं घासलं, काळा रंग नव्यानं फासला, पुसला, वर चमक दिली. एकेक पीस उठून दिसायला लागलं. मनात म्हटलं, संध्याकाळी समोर ठेवीन, बघेल, जरा पाझरेल. इतके सुंदर पक्षी मी पुन्हा कुणाला काढून दिले नव्हते, हे खरं सांगते.

छकू आली, टेबलाजवळ थांबली.

"आई, तू त्याला पॉलिश केलंस?"

"खराब झालं होतं ते."

"मी तुला काढायला सांगितलं होतं. तू पॉलिश केलंस?"

"एवढं मन लावून केलेलं काम मोडवत नाही गं!"

"कव्हर मोडवत नाही, की लोकांना सांगवत नाही?" तिचा आवाज चढला. "काकूंना तू काय सांगितलंस ते मी जिन्यात ऐकलं. चार दिवस! आई, मी घर सोडून आलेय. मला तू घरात घेतलंयस की पाहुणी म्हणून ठेवलंयस, एवढंच सांग. म्हणजे मी खोली बघते कुठेतरी."

मला राग आला. माझ्या घरात राहून मला विचारते, घेतलंयस का! मी तोंड उघडणार, तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. रविवार होता. जावईच.

माझे दोन्ही हात काळ्या रंगानं बरबटलेले, म्हणून कोपरानं कसाबसा फोन घेतला आणि स्पीकरवर टाकला.

"आई, नमस्कार! कशा आहात? डोळ्यांचे थेंब चालू आहेत ना?"

"चालू आहेत हो." मी छकूकडे बघितलं, बघ किती काळजी घेतो, अशा नजरेनं. "तुम्ही बरे आहात ना? जेवणखाण?"

"अगदी उत्तम. इकडे हवा जरा खराब आहे, बाकी छान."

लेक इथे आहे. बॅग घेऊन आलीय. आणि हा हवेचं सांगतो? माझं मलाच विचित्र वाटलं. म्हटलं, संकोचत असेल. आपणच पुढाकार घ्यावा.

"अहो जावईबापू, छकू इथेच आहे माझ्याजवळ. घ्या, बोला तिच्याशी."

छकूनं मान हलवली, नको म्हणाली. मी डोळे वटारले. ती फोनजवळ वाकली.

"हॅलो."

काही नाही.

"मी बोलतेय."

काही नाही. मागे टीव्ही चालू असल्याचं ऐकू येत होतं, कुणीतरी बातम्या सांगत होतं. मला वाटलं, आवाज जात नसेल.

"अहो, ऐकू येतंय का तुम्हाला?" मी विचारलं.

"हो आई, अगदी स्पष्ट!" लगेच उत्तर.

"मग ती बोलतेय ना. बोला."

छकू पुन्हा म्हणाली, "आईसमोर तरी बोल. एक शब्द बोल."

टीव्हीवरची बाई पावसाचा अंदाज सांगत होती. तिचं सगळं सांगून झालं. छकू टेबलाला धरून उभी होती आणि तिच्या तोंडावर आश्चर्य अजिबात नव्हतं. मला तेच बघवेना.

"आई," तो म्हणाला, तशाच गोड आवाजात, "थेंब वेळेवर घालत जा हं. हयगय नको."

मी खुर्चीत बसले. आजवर माझ्याशी इतकं गोड बोलत होता हा माणूस, आणि हे ऐकू येईल इतक्या अंतरावर ती घरात बसलेली असायची. तिलाच ऐकवायला बोलत होता मेला!

"जावईबापू," मी म्हटलं, "माझ्या डोळ्यांचं मी बघते. छकू आता इथेच राहणार आहे. आणि यापुढे मला फोन करायचा नाही." त्यानं "अहो आई" म्हणेपर्यंत मी बंदच केला फोन. फोनवर माझी पाची काळी बोटं उमटली.

छकू बसली. मी ओरडले, "अगं, पण मला हे असं आधी नीट सांगायचं नाही का?"

"काय सांगू? बाबा गेले तेव्हाचं सांगू?"

"त्याचं काय?"

"माझा फोन लागत नव्हता म्हणून तू त्याला केलास ना सकाळी. तेव्हा आमचं बोलणं बंद होतं. त्यानं मला काही सांगितलंच नाही. माझी बॅग भरली आणि गाडीत जाऊन बसला. मला वाटलं, मला कायमची माहेरी सोडायला चाललाय. अख्खा रस्ता मी त्याच्या विनवण्या करत आले, आई. मला नको सोडूस म्हणत होते. इथे जिन्यात खालच्या काकूंनी मला पोटाशी धरलं, तेव्हा कळलं की बाबा गेले."

त्या दिवशी मी आल्यागेल्या प्रत्येकाला सांगत होते, जावई किती समजूतदार बघा, बायकोची बॅगसुद्धा स्वतः भरून घेऊन आला. मोठ्या कौतुकानं सांगत होते.

मी उठले. कोपऱ्यातून हातोडी आणि छिन्नी काढली. कात्रीनं होण्यातलं ते काम नव्हतं. अल्बम आडवा ठेवला, शिवणीजवळ छिन्नी लावली आणि घाव घातला. नुसता पोचा आला. दुसरा घातला. पत्रा फाटला, पण पुट्टी कसली हलतेय! सगळं टेबल हादरायला लागलं, रंगाची बाटली कलंडली.

"आई, पानांना लागेल! बाबांना लागेल!"

"मग धर ना घट्ट! बघत काय बसलीस?"

तिनं पानं दोन्ही हातांनी मागे ओढून धरली. ती रडत होती आणि मी शिव्या घालत होते. जावयाला, पुट्टीला आणि पुट्टी भरणारीलाही. चोच उडाली. पंखाचा तुकडा निघून भिंतीवर आपटला.

दारात खालच्या काकू येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या छताचे पोपडे पडत असणार. "अहो, चाललंय तरी काय?"

मी हातोडी थांबवली नाही. "माझी लेक नवऱ्याला सोडून आलीय, काकू. चार दिवसांसाठी नाही, कायमची. मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं. हे कव्हर काढायचंय, आणि निघत नाहीये."

काकूंनी छकूकडे बघितलं. मग पदर खोचला आणि आत आल्या.

"एकटीनं कसं धरवेल तिला," त्या म्हणाल्या. "सरक गं बाळा, ही बाजू मी धरते."